दहावीच्या आधी 'उरकून घ्यायचं' अरंगेत्रम

अरंगेत्रम म्हणजे भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीचा रंगमंचावरचा पहिला पूर्ण एकटीचा कार्यक्रम. त्याबद्दल आलेलं पत्र असं आहे:

"सप्रेम नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, आठवीत. सहाव्या वर्षापासून घराजवळच्याच क्लासमध्ये भरतनाट्यम शिकते. गांधर्व मंडळाची मध्यमा प्रथम ही परीक्षा झाली आहे. मागच्या महिन्यात क्लासच्या ताईंनी आम्हा दोघांना बोलावलं आणि म्हणाल्या, 'येत्या मे महिन्यात हिचं अरंगेत्रम करून टाकू. एकदा नववी सुरू झाली की संपलं. दहावीच्या आधी उरकून घेतलेलं बरं.' खर्च साधारण साडेचार लाख सांगितला. हॉलसाठी आगाऊ रक्कम महिनाअखेर द्यायची आहे. एक एफडी मोडली तर जमेल. सासूबाईंनी तर आनंदाने नातेवाइकांना फोनही केले. लेक मात्र गप्प आहे. तीन-चार महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या खाली दुखतं म्हणते. ताई म्हणतात, सरावाने जाईल. परवा रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला म्हणाली, 'आई, मी स्टेशनजवळच्या स्टुडिओत हिप-हॉपला जाऊ?' सात वर्षं पाण्यात गेली असं वाटून मला रडूच आलं. नको म्हणावं तर ताई दुखावतील, हो म्हणावं तर लेक. काय करू?"

तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी थांबले. 'उरकून घेणं'. आपण लग्न उरकतो, मुंज उरकतो, पाहुणे यायच्या आत स्वयंपाक उरकतो. सात वर्षं शिकलेली गोष्ट पहिल्यांदा लोकांसमोर मांडायची, त्यालाही आपण तेच क्रियापद लावायला लागलो आहोत, आणि हे तुमच्याच क्लासात होतं असं नाही. मी एकतीस वर्षं पुण्यात भरतनाट्यमचा क्लास चालवला, आधी सोसायटीच्या हॉलमध्ये, नंतर गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. 'दहावीच्या आधी' हे शब्द मीही पालकांना ऐकवले आहेत. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आधी गुडघा. हॉल, वाद्यवृंद, हिप-हॉप, सासूबाई, सगळं त्याच्यानंतर.

तीन-चार महिने एकाच जागी दुखतंय म्हणजे ते सरावाने जाणारं दुखणं नाही. नवीन अडवु, म्हणजे नाचातली पायाभूत हालचाल, शिकल्यावर मांड्या भरून येतात, पोटऱ्या दुखतात, ते दोन दिवसांत ओसरतं. त्यासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. पण वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला दाबलं की दुखतं, जिना उतरताना दुखतं, खाली बसताना दुखतं असं ती म्हणत असेल, तर या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मांडीचा मोठा स्नायू जिथे नडगीला येऊन बसतो ती जागा वाढत्या वयात अजून कच्ची असते. उड्या, बैठका, पाय आपटणं याचा ताण वारंवार तिथेच पडतो. खेळणाऱ्या आणि नाचणाऱ्या मुलांमध्ये हे बरंच दिसतं. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. नाव भयंकर आहे, दुखणं सहसा तसं नसतं. ताण कमी केला, व्यायाम नीट केले की बहुतेक मुलांचं उंची वाढायची थांबली की जातं. तुमच्या मुलीला तेच झालंय असं मी इथे बसून सांगणार नाही, ते डॉक्टर ठरवतील. गुडघा सुजला असेल, ती लंगडत असेल, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल, तर आठवडासुद्धा थांबू नका.

डॉक्टरांना 'ती डान्स करते' एवढंच सांगून चालणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर भलताच डान्स येईल. लेकीला सांगा, तपासणीच्या खोलीतच अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धवट) बसून दाखव, मग मुळुमंडीत (पूर्ण खाली), मग दोनदा पाय मारून दाखव. आठवड्याला किती तास, कसल्या जमिनीवर, तेही सांगा.

जमिनीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण पालक क्लास बघायला जातात तेव्हा आरसे बघतात, एसी बघतात, भिंतीवरचे बक्षिसांचे फोटो बघतात, खाली कुणी बघत नाही. आपले बहुतेक क्लास सिमेंटवर बसवलेल्या लादीवर चालतात. एका तासाच्या तट्ट अडवुत, म्हणजे पाय आपटण्याच्या सरावात, अनवाणी पाय किती वेळा आपटतो ते एकदा मोजा. लादी काहीच सोसत नाही, सगळा दणका टाच, नडगी आणि गुडघ्याला. लाकडी फळ्यांची, खाली थोडी पोकळी असलेली जमीन सगळ्यांत चांगली. ते परवडत नसेल तर रबरी मॅटवर जाड प्लायवुड टाकूनही पुष्कळ फरक पडतो. मी हे केलं क्लास सुरू केल्यावर अकराव्या वर्षी. त्याआधीच्या दहा वर्षांतल्या मुलींची मी मनातल्या मनात माफी मागते.

दुसरी गोष्ट अरमंडीची. पावलं बाहेर वळतात ती मांडीच्या खुब्यातून वळायला हवीत. खुबा जेवढा उघडेल तेवढंच पाऊल बाहेर. काही मुलींचा खुबा हाडाच्या घडणीनेच कमी उघडतो. त्यांनी चित्रातल्यासारखी सरळ रेषा करायची म्हणून पावलं फिरवली की मधल्यामध्ये गुडघा पिळला जातो. घरी आरशासमोर तिला अरमंडीत बसवा. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेला जातोय की आत पडतोय, हे तुम्हालाही दिसेल, त्याला नृत्य यावं लागत नाही.

आणि वय. अकरा ते चौदा या काळात मुली भराभर वाढतात, हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. काल सहज जमिनीला टेकणारे हात आज टेकत नाहीत, तोल जातो, सातवीत जे जमत होतं ते आता जमत नाही असं होतं. शिक्षक म्हणतात, आळशी झालीस. मुलीला वाटतं, आपल्याला नाचच येईनासा झाला. त्यात पाळी नुकतीच सुरू झालेली, त्यात ड्रेसच्या मापाला कुणीतरी 'पोट जरा कमी कर' म्हणतं. तुमची लेक गप्प का आहे, याचं उत्तर मला माहीत नाही. पण तुमच्या जागी मी असते तर या दिशेने आधी विचारलं असतं. हिप-हॉपचं नंतर.

आता अरंगेत्रम. तमिळमध्ये अरंगु म्हणजे रंगमंच, एट्रम म्हणजे चढणं. रंगमंचावर पहिलं पाऊल. पहिलं. पदवीदान समारंभ नव्हे. क्लासच्या ताई कदाचित तुम्हाला शिलप्पदिकारम या जुन्या तमिळ महाकाव्यातल्या माधवी या नर्तकीचा दाखला देतील, तिने पाचव्या वर्षी सुरुवात केली आणि सात वर्षं शिकून बाराव्या वर्षी राजासमोर नाचली. थोर नर्तकी बालसरस्वतींचं अरंगेत्रम १९२५ साली कांचीपुरमला झालं, तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. खरं आहे. पण त्यांच्या घरात आजी, नामवंत वीणावादक वीणा धनम्माळ होत्या, आई गात असे, घरात उठल्यापासून झोपेपर्यंत संगीत होतं. आपली मुलगी बीजगणिताच्या शिकवणीहून थेट क्लासला येते आणि तिथून घरी जाऊन प्रकल्पाची वही पूर्ण करते. दुसऱ्या बाजूला रुक्मिणीदेवी अरुंडेल आहेत. १९०४ चा जन्म, आणि भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम १९३५ साली. पुढच्याच वर्षी त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली. सात आणि एकतीस, दोन्ही वयं याच कलेतली. त्यात दहावी कुठे बसते ते मला सापडलेलं नाही.

(सासूबाईंना एक गंमत सांगा, त्यांना आवडेल. आपण आज सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंत ज्या क्रमाने नाचतो, त्या मार्गमची घडी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी बसवली आणि ते तंजावरला दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबारात होते. त्यामुळे 'मद्राशी नाच' म्हणणाऱ्या नातेवाइकांना उत्तर तयार ठेवा.)

ती तयार आहे का, हे ओळखायचं कसं? तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. पूर्ण मार्गम दोन-अडीच तासांचा. त्यात वर्णम् ही सगळ्यांत मोठी रचना एकटीच अर्धा-पाऊण तास चालतं, आणि ती मध्येच पाणी प्यायला थांबत नाही. क्लासमध्ये ताई काठीने ताल देत समोर बसलेल्या असतात, तेव्हा सगळ्याच मुली नाचतात. ताईंना सांगा, काठी खाली ठेवा आणि हिला एकटीला जतीस्वरम, म्हणजे अभिनयाविना नुसत्या नृत्याची रचना, करू द्या. तालात राहिली का? अडवु तिसऱ्या काळात, म्हणजे जलद लयीत, गेल्यावर अरमंडी टिकते, की दुसऱ्या मिनिटाला उभी राहून नाचते? पदम्, म्हणजे अभिनयाची रचना, करताना ओळीचा अर्थ तिला सांगता येतो, की ताईंच्या भुवया उडतात तिथे तिच्याही उडतात? तेरा वर्षांच्या मुलीने विरहिणी नायिकेचं पदम् पाठ करून मांडलेलं मी खूप पाहिलंय. प्रेक्षकांतल्या मावशा डोळे पुसतात. मला मात्र तिच्या डोळ्यांत दिसतं ते एकच, पुढचा हस्त, म्हणजे हाताची मुद्रा, कुठला.

माझी कबुली इथे येते. एक मुलगी होती, तुमच्या लेकीएवढीच. घोट्याला त्रास होता. मी म्हटलं, क्रेप बँडेज बांध, मेपर्यंत निभावून ने. तिने नेलं. सुंदर झालं, सगळे म्हणाले. जूनमध्ये ती आली नाही. जुलैत तिची आई आली, तिन्ही ड्रेस पिशवीत घालून, कुणाला अर्ध्या किमतीत हवे असतील तर म्हणून. घुंगरूही आणले होते. त्या पोरीचं नाचणं मी मे महिन्यात उरकून टाकलं होतं. त्यानंतर कोणत्याही आईबापांपुढे मी दहावीचं नाव काढलं नाही.

पैशांचं बोलू. ताईंना साडेचार लाखांचा तपशील कागदावर मागा. मागण्यात संकोच कसला? घराला रंग लावतानाही मागतो. नट्टुवांगम (झांजांवर ताल धरणं), गायन, मृदंगम, व्हायोलिन किंवा बासरी, असे चार-पाच कलाकार, त्यांच्या तालमी, बाहेरगावचे असतील तर जाणं-येणं-राहणं. हा खर्च नृत्याचा आहे आणि तो रास्त आहे. कलाकारांबरोबर किती तालमी होणार ते विचारा. आदल्या दिवशी एकच तालीम असेल तर तेवढे पैसे घालून मुलीला फायदा काही नाही, उलट तिची धांदल. मग उरते दुसरी यादी: तीन ड्रेस, दागिने, मेकअप, स्टेजची फुलं, जाड कागदाची पत्रिका, आठवणीची पुस्तिका, ड्रोनवाला व्हिडिओ, पाहुण्यांचं जेवण, भेटवस्तू. ही यादी लग्नाची आहे, आणि बहुतेक वेळा तीच मोठी असते. काही ठिकाणी ड्रेसवाला, दागिनेवाला, मेकअपवाली ठरलेली असते आणि त्यात क्लासचाही वाटा असतो, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. तुमच्या ताई तसं करतात असं मी म्हणत नाही. हेही लक्षात घ्या की दरमहा फी आणि हॉलचं भाडं यांचं गणित जुळवताना शिक्षकाच्या हातात फार उरत नाही. एखादं अरंगेत्रम म्हणजे वर्षातला बरा महिना. लोभी नसलेला माणूससुद्धा त्याकडे झुकतो, मी झुकले होते.

एफडी मोडू नका. निदान यासाठी आणि आत्ता नको. अरंगेत्रम झालं नाही म्हणून मुलीचं काहीही अडत नाही. गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. मध्यमा पूर्ण, मग विशारद, हे सगळं त्याशिवाय होतं. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे जे वाढीव गुण मिळतात तेही मंडळासारख्या परीक्षांचे, अरंगेत्रमचे नाहीत. ते प्रमाणपत्र शाळेत वेळेवर द्या म्हणजे झालं. लोकांसमोर नाचायचंच असेल तर गुडघा बरा झाल्यावर गणपतीत सोसायटीच्या मंडपात दहा मिनिटं नाचू दे. पुढे कधी तरी क्लासमधल्या दोघी-तिघींनी मिळून छोट्या सभागृहात चार-चार रचना कराव्यात. खर्च वाटला जातो, आणि एकीची दमछाक होते तेव्हा दुसरी नाचते.

हिप-हॉप. तुम्ही रडलात, मला समजतं. पण सात वर्षं पाण्यात जातील कशी? ताल तिच्या अंगात आहे, आठ मात्रांच्या आदितालात कुठे आहोत ते तिला झोपेतही कळतं, पाय जमिनीवर कसा ठेवायचा ते माहीत आहे. हे सगळं ती त्या स्टुडिओत घेऊन जाईल, आणि तिथला शिक्षक पहिल्या दिवशी ओळखेल. हा नाच हलका आहे असं तुमच्या घरात कुणाला वाटत असेल तर सांगा, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंग हा हिप-हॉपमधलाच प्रकार होता आणि २०१९ साली अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या एका मोठ्या स्पर्धेत पहिलं बक्षीस आपल्या मुंबईच्या 'द किंग्ज' या पोरांनी घेतलं.

अर्थात तिच्या मनात नाच आहे की मैत्रिणी आहेत, हे एका महिन्यात कळेल. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, कारण तिथेही उड्या आणि बैठका आहेतच, गुडघ्याला नाचाचा प्रकार कळत नाही. सहा महिन्यांचं पॅकेज 'आजच घेतलं तर सवलत' म्हणून देतील, घेऊ नका, एका महिन्याचीच फी भरा. जाऊन खाली जमीन बघा, बॅचमध्ये किती मुलं ते बघा. पहिली दहा मिनिटं अंग गरम करण्यात जातात की थेट गाणं लागतं? मुलांना ताणताना कुणी पाठीवर बसून दाबत असेल तर त्याच पावली परत या. पालकांना आत बघायला देतात का? रील काढतात का, आणि काढतात तर तुम्हाला विचारून का? क्लास संपल्यावर एकट्या मुलीला कुणी मागे थांबवून घेत नाही ना? हेच सगळं तुमच्या आताच्या क्लासलाही लागू आहे. जुना आहे, घराजवळ आहे, म्हणून आपण ते तिथे विचारत नाही.

ताईंकडे तुम्ही दोघं जा, लेकीला नेऊ नका. तिच्यासमोर तिच्याबद्दल निवाडा नको. बसल्यावर आधी सात वर्षांचे आभार माना, मनापासून, कारण ते खरे आहेत. मग एवढंच म्हणा: "गुडघा डॉक्टरांना दाखवतोय. ते म्हणतील तितके दिवस ती पूर्ण नाचणार नाही. मे महिन्याचं आम्ही करत नाही आहोत. ती बसून ताल देईल, श्लोक, हस्त, अभिनय करेल, ते तुम्ही घ्याल का?" 'पुढे बघू' असं मोघम बोलू नका, त्याचा अर्थ हॉल बुक असा होतो. चांगला शिक्षक या वाक्यावर गुडघ्याबद्दल विचारेल. पहिला प्रश्न हॉलच्या तारखेचा आला तर तुम्हालाही काहीतरी कळेल. त्या दुखावतील, दोन महिने बोलणं तुटकही होईल. होऊ दे. त्यांचं दुखणं त्या सांभाळतील, मोठ्या आहेत.

सासूबाईंनी ज्यांना फोन केले त्यांना परत फोन त्यांनीच करावा. तुम्ही करू नका.

आणि लेकीशी बोलताना 'मग तुला नक्की काय करायचंय?' असं विचारू नका, तेरा वर्षांच्या मुलीला त्याचं उत्तर नसतं. अंथरुणावर पडल्या पडल्या ती बोलली ना, तीच वेळ पकडा, दिवा बंद असताना. क्लासमध्ये कुठला भाग करताना गुडघा सगळ्यांत जास्त दुखतो ते विचारा आणि ऐका. मध्ये बोलू नका. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, आणि तोवर हॉलवाल्याला एक रुपयाही देऊ नका.